चार्ज म्हणजे कसला चार्ज? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या बिलात चार्ज, मोबाइलला चार्ज, नव्या सेक्रेटरीकडे चार्ज, एसीत गॅस चार्ज आणि पेपरात कोणाविरुद्ध तरी चार्जशीट. ठाणे-नवी मुंबईत हा शब्द दिवसातून कितीदा कानावर पडतो त्याची मोजदाद नाही. अर्थ नीट कळला नाही की कधी खिशाला चाट बसते, कधी बॅटरी बसते. लोक जे प्रश्न सारखे विचारतात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. काही लांब आहेत, कारण विषयच तसा आहे.

एकाच शब्दाला इतके अर्थ आले कुठून?

लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे माल वाहणारी गाडी. त्यावरून ‘कार्रिकारे’ म्हणजे गाडीवर माल लादणे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा ‘चार्ज’ झाला. ‘कार’, ‘कॅरी’ आणि न्हावा-शेवा बंदरात दिवसरात्र ऐकू येणारा ‘कार्गो’ हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे मूळ अर्थ ‘लादणे’ किंवा ‘भरणे’ एवढाच. पैसे लादले की आकारणी, जबाबदारी लादली की कार्यभार, ठपका लादला की आरोप. तोफेत दारू भरली तरी चार्ज, बॅटरीत ऊर्जा भरली तरी चार्ज.

मराठीने ‘भार’ या शब्दाचे नेमके हेच केले आहे. कार्यभार, अधिभार, वीजबिलावरचा ‘मंजूर भार’, शाळेच्या विज्ञानातला ‘विद्युत प्रभार’ आणि कचेरीतला ‘प्रभारी’ अधिकारी ही सगळी एकाच घरातली माणसे. त्यामुळे कुठेही चार्ज हा शब्द आला की कोणावर काय लादले आहे किंवा कशात काय भरले आहे ते आधी पाहावे. बहुतेक वेळा अर्थ तिथेच सुटतो.

मराठीत लिहिताना कुठे कोणता शब्द वापरावा?

पैशांसाठी ‘शुल्क’ किंवा ‘आकार’, पदासाठी ‘कार्यभार’ किंवा ‘पदभार’, फौजदारी खटल्यात ‘आरोप’, मालमत्तेवरच्या कर्जासाठी ‘बोजा’, विज्ञानात ‘प्रभार’. मोबाइलला मात्र चार्जच म्हणावे. ‘भ्रमणध्वनी प्रभारित करा’ असे लिहिणाऱ्याच्या घरीही फोन चार्जिंगलाच लावलेला असतो.

सोसायटीच्या बिलात काही चार्जेस सगळ्यांना सारखे आणि काही कमी-जास्त का?

कारण प्रत्येक रकमेची वाटणी वेगळ्या हिशोबाने होते. आपण सरसकट ‘मेंटेनन्स’ म्हणतो, पण आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, त्याचे तुकडे केलेले आहेत.

सर्व्हिस चार्जेस म्हणजे वॉचमन, सफाई कामगार, ऑफिसचा कर्मचारी यांचे पगार, जिने आणि आवारातली वीज, छपाई-स्टेशनरी, ऑडिट फी, सभांचा खर्च. हे सगळ्या सदनिकांना समान. वन बीएचकेवाल्यालाही तेवढेच आणि थ्री बीएचकेवाल्यालाही तेवढेच. वाद सर्वांत जास्त इथेच होतो, कारण अनेक ठिकाणी बिल्डरने सुरुवातीला चौरस फुटाने आकारणी केलेली असते आणि सोसायटी स्थापन झाल्यावरही तीच पुढे चालू राहते.

पाण्याचा आकार घरातल्या नळांच्या संख्येवर, मालमत्ता कर महापालिकेने लावला असेल त्याप्रमाणे. लिफ्टचा देखभाल आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. तळमजल्यावरच्या काकांचे ‘मी लिफ्टमध्ये पाऊलही ठेवत नाही’ हे म्हणणे खरे असले तरी उपविधी त्यांच्या बाजूने नाहीत.

उरले दोन निधी. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, किमान ०.२५ टक्के, दोन्ही वार्षिक. यात जमिनीची किंमत धरायची नाही. समजा बांधकाम खर्च २० लाख असेल, तर दुरुस्ती निधीचे वर्षाला १५,००० म्हणजे महिन्याला १,२५० रुपये आणि सिंकिंग फंडाचे वर्षाला ५,००० म्हणजे महिन्याला सुमारे ४१७ रुपये. ‘बिल कमी ठेवले’ म्हणून काही कमिट्या हे निधी कापतात. मग प्लास्टर पडू लागले की एकदम लाखाची वर्गणी काढतात. तो खरा महागाचा चार्ज.

घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी दुप्पट मेंटेनन्स मागते. बरोबर आहे का?

नाही. मागता येतो तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे बिनभोगवटा शुल्क. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. गफलत होते ती ‘सर्व्हिस चार्जेस’ या शब्दांवर. एकूण बिल ४,५०० रुपये असेल आणि त्यात सर्व्हिस चार्जेस २,००० असतील, तर बिनभोगवटा शुल्क २०० रुपयांपर्यंतच. ४५० नव्हे, आणि ४,५०० तर नव्हेच. घरात आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही.

बिलावर नुसते ‘मेंटेनन्स’ असा एकच आकडा छापलेला असेल, तर आधी लेखी अर्ज देऊन फोड मागा. फोड नसताना दहा टक्के कशाचे ते ठरणारच नाही.

थकबाकीवर किती व्याज लावता येते?

आदर्श उपविधींत वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याजाची मुभा आहे. प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभेने ठरवावा लागतो. व्याजावर व्याज लावता येत नाही. हिशोबाचे सॉफ्टवेअर मात्र कधी कधी थकलेले व्याज मुद्दलात मिसळते आणि पुढच्या तिमाहीला त्यावर पुन्हा व्याज धरते. आपल्या खात्याचा उतारा काढून मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या रकान्यांत आहे ना, एवढे तपासा.

घर विकताना ‘ट्रान्सफर चार्ज’ किती?

सोसायटीला महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते. शिवाय ५०० रुपये हस्तांतरण फी आणि नव्या सभासदाची १०० रुपये प्रवेश फी. कुटुंबातल्या व्यक्तीच्या किंवा नॉमिनीच्या नावावर होत असेल तर अधिमूल्य नाही. ‘डोनेशन’, ‘पेंटिंग फंड’, ‘गणपती फंड’ अशा नावांनी वर काही मागितले तर पावती आणि ठरावाची प्रत मागा. ती मागितली की बऱ्याचदा मागणीच मागे घेतली जाते.

नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरचे घर असेल तर सिडकोचे हस्तांतरण शुल्क निराळे असते. वाशी, नेरुळ, कोपरखैरण्यातले घर घेताना हे कोण भरणार, ते टोकन देण्याआधीच करारात लिहून घ्या.

वीजबिलावर ‘चार्ज’ शब्दच नाही, मग कोणकोणते आकार असतात?

महावितरणच्या बिलात त्याला ‘आकार’ म्हटले आहे. स्थिर आकार घर बंद असले तरी लागतोच, कारण तो जोडणीचा असतो. वीज आकार युनिटप्रमाणे. घरगुती ग्राहकांना १००, ३०० आणि ५०० युनिटवर टप्पे बदलतात, म्हणून उन्हाळ्यात एसी लागला की बिल युनिटच्या प्रमाणापेक्षा जास्त फुगते. वहन आकार वीज वाहून आणण्याचा, इंधन समायोजन आकार वीजनिर्मितीच्या खर्चातल्या चढ-उताराचा. सगळ्यावर वीज शुल्क, घरगुतीसाठी १६ टक्के. हे शेवटचे सरकारकडे जाते.

सुरक्षा ठेव हा चार्ज नव्हे. ती साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असते, तिच्यावर व्याज मिळते आणि जोडणी बंद करताना ती परत मिळते. कळवा, मुंब्रा, दिवा भागात बिल टोरंट पॉवरचे येते, कारण २०२० पासून तिथे तिच्याकडे फ्रँचायझी आहे. आकारांची रचना मात्र तीच.

हॉटेलातला सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप जोडता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. काउंटरवर काढून टाकायला सांगा. नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जीएसटी मात्र काढता येत नाही, तो कर आहे.

टपरीवरच्या ‘कूलिंग चार्ज’चेही तसेच. बाटलीवर छापलेल्या एमआरपीपेक्षा रुपयाही जास्त घेता येत नाही, मग ती फ्रिजमधली असो की बर्फातली. तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे करायची. रिक्षाचे उलटे आहे. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडे हा नियमातलाच चार्ज आहे, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

इन्व्हर्टरची बॅटरी ‘चार्ज होत नाही’ म्हणजे नेमके काय बिघडते?

आधी आकडे. घरात असते ती बहुधा १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी. बारा गुणिले दीडशे म्हणजे १,८०० वॉट-तास, कागदावर. पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून ३०० वॉटच्या भाराला साडेतीन तासांच्या आसपास टिकली तर बॅटरी धडधाकट समजा.

चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या साधारण दहा टक्के असावा, म्हणजे १५ अँपिअर. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. सुरुवातीला व्होल्टेज १४.४ पर्यंत चढते आणि भरल्यावर १३.५ ते १३.८ वर स्थिर राहते. ‘दोन तासांतच फुल दाखवते आणि दहा मिनिटांत बंद पडते’ ही तक्रार आली की प्लेटांवर सल्फेट जमले आहे असे समजावे. वरवरचे व्होल्टेज चढते, पण आत साठा होत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असते. गावाला जाताना उतरलेली बॅटरी तशीच ठेवून मेन स्विच बंद केलेला असतो.

तपासायचे असेल तर पूर्ण चार्जिंगनंतर तासाभराने हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, मोजा. १.२४ ते १.२५ आले तर ठीक. सगळीकडे १.२० च्या खाली आले तर बॅटरी भरलेलीच नाही, चार्जर पाहा. पाच सेल सारखे आणि एकच बराच खाली असेल तर तो सेल गेला. अशी बॅटरी कोणी ‘चार्ज करून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

पाणी डिस्टिल्डच घाला. आरओचे चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात. ॲसिड तर कधीच घालायचे नाही. बाष्पीभवनाने उडते ते पाणी, ॲसिड नव्हे. पाणी पूर्ण चार्जिंगनंतर घालायचे, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरले असेल तर ॲसिडमिश्रित पाणी बाहेर येऊन फरशी खाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच घाला. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो. देव्हाऱ्याखालच्या बंद कपाटात बॅटरी आणि वर समई, ही मांडणी कितीही सोयीची वाटली तरी मोडा.

मोबाइल रात्रभर चार्जिंगला ठेवला तर?

आतला सर्किट भरल्यावर प्रवाह थांबवतो, त्यामुळे तो ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. नुकसान होते ते उष्णतेने आणि कायम शंभर टक्क्यांवर राहिल्याने. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्या ताणावर तासन्‌तास राहिला की लवकर म्हातारा होतो. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवा आणि उशीखाली ठेवू नका. ऐंशीनंतर चार्जिंग हळू होते तो बिघाड नव्हे, शेवटच्या टप्प्यात प्रवाह मुद्दाम कमी केला जातो.

सोसायटीत ईव्ही चार्जिंगसाठी काय लागते?

१६ अँपिअरच्या सॉकेटवरून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. गाडीची बॅटरी ३० किलोवॉट-तासांची असेल तर पूर्ण भरायला नऊ-दहा तास, आणि दहा-पंधरा टक्के ऊर्जा वाटेत जाते ती धरून मीटरवर ३३ ते ३५ युनिट. ७.४ किलोवॉटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात आणि वेळ निम्म्याहून कमी होतो.

पार्किंगमधल्या चालू सॉकेटवर जोडून देणे हा सर्वांत धोक्याचा शॉर्टकट. त्या सॉकेटची वायर बल्ब आणि पंपापुरती असते. तासन्‌तास पूर्ण प्रवाह गेला की सांधे तापतात आणि सॉकेट वितळतो. वेगळी लाइन टाका. ३.३ किलोवॉटला तांब्याची ४ चौरस मिलिमीटर, ७.४ ला किमान ६, आणि मीटर रूमपासून अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकणाऱ्या वायरमनला पुन्हा बोलावू नका. पावसाळ्यात तळघरात पाणी साचते अशा इमारतीत सॉकेट कमरेच्या वर घ्या.

बिल स्वतःच्या मीटरवरून आले तर कटकट नाही, फक्त मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. कॉमन मीटरवरून असेल तर सब-मीटर बसवून युनिटचा दर सभेत ठरवून घ्या.

एसीवाला दर वर्षी ‘गॅस चार्ज’ करायला सांगतो. गरज असते का?

नसते. रेफ्रिजरंट, म्हणजे एसीतला गारवा आणणारा गॅस, बंद नळ्यांत फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतो आहे. गळती न शोधता वरून भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच खर्च. ऐरोली, घणसोलीच्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर झिजते, म्हणून तिकडे ही तक्रार जास्त.

आधी फिल्टर धुवा. जाळी तुंबली तरी कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा गार येत नाही, आणि त्याला ‘गॅस कमी’ म्हणून बिल फाडले जाते. खरेच गळती असेल तर कामाचा क्रम असा असतो. उरलेला गॅस काढून घ्यायचा, सुमारे ३०० पीएसआय दाबाने नायट्रोजन भरायचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. बहुतेक वेळा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी सापडतात. मग झाळकाम करायचे किंवा फ्लेअर नव्याने करायचे, आणि व्हॅक्यूम पंपाने अर्धा तास नळ्या कोरड्या करून ५०० मायक्रॉनच्या (हे निर्वाताचे माप) खाली आणायच्या. शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून गॅस भरायचा. दीड टनाच्या आर-३२ गॅसच्या मशिनमध्ये तो पाऊण ते एक किलोच्या आसपास असतो. नेमका आकडा बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलेला असतो, तो कारागिराला वाचून दाखवा.

वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आणला नसेल तर काम होऊ देऊ नका. व्हॅक्यूम न करता भरले की हवा आणि दमटपणा आत राहतो, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर जातो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनने दाब तपासणे तर जीवघेणे, कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. आर-३२ थोडाफार ज्वलनशील आहे, म्हणून झाळकामाच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा.

टीटीसी एमआयडीसीतले ऑपरेटर ‘टोल्युईन चार्ज केलं’ म्हणतात, ते काय?

रबाळे, पावणे, तुर्भ्याच्या रसायन कारखान्यांत रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रासायनिक प्रक्रियेच्या मोठ्या पात्रात, कच्चा माल घालण्याला ‘चार्ज करणे’ म्हणतात. फाउंड्रीत भट्टीत टाकलेल्या भंगारालाही चार्जच. मूळ ‘भरणे’ हा अर्थ इथे सर्वांत शुद्ध राहिला आहे.

पण याच ठिकाणी शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना भिडतात आणि आग लागते. टोल्युईनसारखे द्रावक नळीतून वाहताना घर्षणाने त्यावर स्थिर विद्युत प्रभार जमतो. ठिणगी पडली आणि वाफ तयार असली की भडका. म्हणून द्रावक चार्ज करण्याआधी ड्रम आणि रिअ‍ॅक्टर अर्थिंग क्लिपने जोडायचे, रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजन सोडून आतली हवा काढायची. द्रावक वरून धारेने न ओतता तळापर्यंत जाणाऱ्या डिप पाइपने सोडायचे आणि पाइपचे टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवायचा. क्लिप रंगाच्या थरावर लावली तर ती लावून न लावल्यासारखीच, दात पत्र्यात रुतले पाहिजेत. प्लास्टिकच्या पिशवीतून पावडर थेट रिअॅक्टरच्या तोंडात (मॅनहोलमध्ये) झटकणे हा बऱ्याच आगींचा आरंभ असतो. क्रमही बॅच शीटप्रमाणेच हवा. काही प्रक्रियांत दुसरा पदार्थ तासन्‌तास थेंबाथेंबाने चार्ज करायचा असतो, तो घाईने ओतला की उष्णता आवरत नाही.

नव्या कमिटीने ‘चार्ज घेणे’ म्हणजे काय काय घेणे?

हार-तुरे झाले की चार्ज मिळाला असे नाही. चार्ज कागदावर मिळतो, यादीवर दोघांच्या सह्या होतात तेव्हा. यादीत किमान एवढे हवे: ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या सभासद नोंदवह्या, इतिवृत्ते, शेअर सर्टिफिकेटचे पुस्तक, नामनिर्देशन नोंदवही, कॅशबुक आणि हातातली रोकड, बँकेची चेकबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, झाला असेल तर मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) दस्त, लिफ्टचा परवाना, अग्निसुरक्षेचा जानेवारी आणि जुलैचा ‘फॉर्म बी’, चालू करार, कोर्टातली प्रकरणे, किल्ल्या. अलीकडे विसरला जातो तो ईमेल, नेट बँकिंग आणि सीसीटीव्हीचा पासवर्ड. जुन्या सेक्रेटरीच्या मोबाइल नंबरावर ओटीपी जात राहिला तर चार्ज अर्धाच मिळाला.

ठेवीच्या पावतीचा नंबर, रक्कम आणि मुदत लिहा, नुसते ‘ठेवी मिळाल्या’ नको. जुनी कमिटी टाळाटाळ करत असेल तर लेखी पत्र द्या आणि मग उपनिबंधकांकडे जा. दप्तर ताब्यात घेण्याचा अधिकार सहकार कायद्याच्या कलम ८० मध्ये आहे.

सरकारी कचेरीत हाच कार्यभार मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर घेतला ते लिहितात, कारण त्या दिवसाचा पगार आणि सह्यांचा अधिकार त्यावर ठरतो.

‘चार्जमन’ म्हणजे इलेक्ट्रिशियन का?

नाही. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीसारख्या कारखान्यांत ते पर्यवेक्षकाचे पद आहे. ज्याच्याकडे विभागाचा चार्ज, तो चार्जमन.

एफआयआर झाली म्हणजे ‘चार्ज लागला’ का?

नाही. या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. एफआयआर म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद. तपास झाल्यावर पोलीस न्यायालयात अहवाल देतात ती चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र. त्यानंतर न्यायालय दोन्ही बाजू ऐकून आरोप निश्चित करते, तो खरा ‘चार्ज’. तोवर पेपरात काहीही छापून आले तरी न्यायालयाने आरोप ठेवलेला नसतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्रासाठी ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस. मुदत टळली तर जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर संधी गेली, म्हणून वकील ६१ व्या दिवशी सकाळीच उभे असतात. कागदपत्रांची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते.

ऑफिसात मिळालेली चार्जशीट वेगळी. ती विभागीय चौकशीची, तिथे न्यायालय नाही. उत्तर मात्र मुदतीत आणि मुद्द्याला मुद्दा असे द्यायचे.

बँकेचा ‘चार्ज’ घरावर आहे म्हणजे?

घर तारण आहे, त्यावर बोजा आहे. कर्ज फिटले की तो आपोआप पुसला जात नाही. मूळ कागद आणि नोड्यूज पत्र घ्या, सीईआरएसएआय या तारणांच्या केंद्रीय नोंदणीतली नोंद बंद झाल्याची खात्री करा, सोसायटीकडची बँकेच्या हक्काची (लिएन) नोंद काढा आणि जमीन असेल तर सातबाऱ्यातल्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा कमी करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत न दिल्यास बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतपूर्व फेडीचा चार्ज लागत नाही.

आणि ‘डिस्चार्ज’?

भार उतरवणे. बॅटरी डिस्चार्ज, रुग्णालयातून डिस्चार्ज, कारखान्याच्या सांडपाण्याचा डिस्चार्ज. कोर्टातला मात्र जपून वापरा. डिस्चार्ज म्हणजे खटला चालण्याआधीच, पुरेसा आधार नाही म्हणून आरोपमुक्त होणे. खटला चालून सुटणे म्हणजे निर्दोष मुक्तता. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या फॉर्मवर हे दोन्ही एकच समजून लिहिले तर पुढे खुलासे देत बसावे लागते.

इंग्रजीत लिहिताना मराठी माणसाची चूक कुठे होते?

शब्दयोगी अव्ययांत. चोरीचा आरोप असेल तर ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. ‘चार्ज्ड फॉर थेफ्ट’ लिहिले तर चोरी करून दिल्याबद्दल पैसे आकारले असा अर्थ निघतो. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याच्याकडे जबाबदारी आहे तो, आणि ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याच्या ताब्यात सोपवलेले आहे ते. नर्स ‘इन चार्ज ऑफ’ बाळ, बाळ ‘इन द चार्ज ऑफ’ नर्स. रजेच्या अर्जात मधला ‘द’ चुकून घातला, तर तुमच्या गैरहजेरीत ज्युनिअरने तुमचे खाते सांभाळायचे सोडून खात्यानेच ज्युनिअरला सांभाळायचे, असे साहेब वाचतील.